एका डोंगरावर तोललेला काश्मीरचा हिवाळा

काश्मीर खोऱ्यातील हिवाळ्याचे वेळापत्रक परंपरेने ठरलेले आहे. २१ डिसेंबरला चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलां' सुरू होतो. त्यामागून वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा' येतो. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ कडाक्याच्या थंडीत घट्ट बसतो आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत झरे, नाले व झेलम यांना पुरवठा करीत राहतो. याच बर्फावर श्रीनगरच्या आसपासचे स्कीइंगही चालते. २०२४ च्या जानेवारीत हे वेळापत्रक पार कोलमडले. ऐन चिल्लई कलांमध्ये गुलमर्गच्या उतारांवर तपकिरी गवत दिसत होते. स्वतः स्कीइंग करणारे ओमर अब्दुल्ला यांनी तेव्हाची छायाचित्रे प्रसिद्ध करून, इतके कोरडे गुलमर्ग आपण हिवाळ्यात कधी पाहिले नव्हते, असे म्हटले होते. महिनाअखेरीस बर्फ आला आणि २१ ते २५ फेब्रुवारी या काळात 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा पार पडल्या. मात्र त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, २२ फेब्रुवारीपासून ठरलेली स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलावी लागली आणि ती ९ ते १२ मार्च दरम्यान उरकण्यात आली.

लागोपाठ दोन वर्षांचा हा अनुभव निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येईल काय, हा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न त्याहून गंभीर आहे. श्रीनगरहून दोन-तीन तासांत गाठता येतील असे बर्फाळ उतार एकापेक्षा अधिक असताना काश्मीरचे हिवाळी पर्यटन एकाच डोंगरावर का तोलले गेले आहे, आणि तो डोंगरच कोरडा पडू लागला तर पर्याय कोणता?

नकाशावर चार, प्रत्यक्षात एक

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. शहरात बर्फ पडतो, पण तो टिकतोच असे नाही. टिकाऊ बर्फासाठी शहर सोडून वर जावे लागते. पश्चिमेला सुमारे ५० किलोमीटरवर गुलमर्ग, नैऋत्येला त्याहून थोडे अलीकडे बडगाम जिल्ह्यातील दूधपथरी, ईशान्येला सुमारे ८० किलोमीटरवर सोनमर्ग आणि दक्षिणेकडे नव्वदहून अधिक किलोमीटरवर पहलगाम अशी ही चार ठिकाणे आहेत. नकाशा पाहणाऱ्याला वाटावे की, स्कीइंगसाठी एवढी विविधता असलेले शहर भारतात दुसरे नाही.

प्रत्यक्षात मात्र ज्याला स्की रिसॉर्ट म्हणता येईल असे ठिकाण एकच, ते म्हणजे गुलमर्ग. कारण स्कीइंगसाठी नुसता उतार आणि बर्फ पुरेसा नसतो. खाली आलेल्या माणसाला पुन्हा वर नेणारी यंत्रणा लागते, उतारावरील बर्फ सारखा करणारी वाहने लागतात, हिमस्खलनाचा अंदाज देणारी आणि अपघात झाल्यास धावून जाणारी पथके लागतात. दूधपथरीत विस्तीर्ण कुरणे आहेत, पहलगामजवळ आरूच्या परिसरात नवशिक्यांना साजेसे उतार आहेत, सोनमर्गला तर थाजीवास हिमनदीची पार्श्वभूमी लाभली आहे. पण गुलमर्गच्या तोडीची यंत्रणा यांपैकी कोठेही नाही. म्हणूनच गुलमर्गमध्ये बर्फ नसला की श्रीनगरचा स्कीइंगचा हंगामच नसतो.

गुलमर्गला हे स्थान एका दिवसात मिळालेले नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये येथे स्की क्लब स्थापन केला. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ मध्ये, लष्कराने येथे जवानांसाठी स्की प्रशिक्षण सुरू केले आणि त्यातूनच आजची उच्च पर्वतीय युद्धशाळा उभी राहिली. फ्रान्सच्या पोमागाल्स्की कंपनीच्या तंत्रज्ञानावर उभारलेल्या गंडोलाचे काम ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हाती घेण्यात आले. दहशतवादाच्या काळात ते रखडले. अखेर १९९८ मध्ये गुलमर्ग ते कोंगडूरी हा पहिला टप्पा आणि २००५ मध्ये कोंगडूरीपासून अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंतचा दुसरा टप्पा सुरू झाला. सुमारे २,६५० मीटरवरून निघालेला प्रवासी या दोन टप्प्यांत जवळजवळ ३,९५० मीटरवर पोहोचतो. एवढ्या उंचीवर केबल कारने पोहोचून मोकळ्या उतारावरून खाली येण्याची सोय जगात मोजक्याच ठिकाणी आहे. युरोपातील आणि रशियातील स्कीपटू हजारो रुपये खर्चून येथे येतात, ते त्यासाठीच.

गंडोला नेमका कोणाचा?

परंतु या गंडोलातून जाणाऱ्यांमध्ये बहुसंख्य कोण असतात, हे पाहिले म्हणजे चित्र बदलते. गंडोला चालविणाऱ्या सरकारी महामंडळाचे वार्षिक उत्पन्न अलीकडच्या वर्षांत शंभर कोटी रुपयांच्या घरात गेले. हे उत्पन्न प्रामुख्याने स्कीपटूंनी दिलेले नाही. ते दिले आहे मुंबई, पुणे, अहमदाबाद, कोलकाता येथून येणाऱ्या आणि आयुष्यात एकदा बर्फाला हात लावण्याची इच्छा बाळगणाऱ्या सामान्य पर्यटकांनी. महाराष्ट्रातील सहल कंपन्यांच्या काश्मीर सहलीत गुलमर्गचा दिवस ठरलेला असतो, आणि ती सहल बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, मुलांच्या परीक्षा संपल्यानंतर निघते. त्या वेळी स्कीइंगचा हंगाम सरत आलेला असतो. तरीही वरच्या टप्प्यावर थोडाफार बर्फ सापडतो आणि पर्यटक समाधानाने परततो.

दोन्ही प्रकारच्या पर्यटकांचे हितसंबंध एक नाहीत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. बर्फ पाहायला आलेल्याला गंडोलात एकदाच बसायचे असते. स्कीपटूला दिवसातून अनेकदा वर जायचे असते. एकाच केबलवर दोघेही आले की रांग लागते आणि रांगेत स्कीपटूचा दिवस वाया जातो. महामंडळाच्या हिशेबात मात्र हा तोटा दिसत नाही, कारण तिकीट खपलेलेच असते. परिणामी, स्कीइंगच्या सुधारणेवर खर्च करण्याची निकड आर्थिकदृष्ट्या कधी जाणवतच नाही.

याउलट स्कीइंगवर ज्यांचे पोट आहे त्यांना फरक लगेच जाणवतो. श्रीनगरहून येणारा रस्ता टंगमर्गला डोंगराशी भिडतो आणि तेथून गुलमर्गपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा वळणावळणांचा चढ आहे. जोराचा बर्फ पडला की टायरला साखळी बांधल्याशिवाय वाहने वर सोडली जात नाहीत. त्यामुळे साखळी भाड्याने देणारे, चारचाकी गतीच्या गाड्या चालविणारे, गमबूट आणि कोट भाड्याने देणारे, स्लेज ओढणारे, घोडेवाले आणि स्की शिकविणारे असा मोठा वर्ग टंगमर्ग व परिसरातील खेड्यांमध्ये निर्माण झाला आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी वर्षाची मिळकत या तीन महिन्यांवर अवलंबून असते. पगारी नोकरी नाही, विमा नाही, हंगाम बुडाला तर भरपाई नाही. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान हा याच टंगमर्गचा. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्की साहित्याचे दुकान होते. त्याच्यासारखा खेळाडू घडतो तो अशा दुकानाच्या आधारावर, आणि दुकान चालते ते बर्फावर, ही साखळी धोरणकर्त्यांनी विसरता कामा नये.

आकाशातील गणित

काश्मीरचा बर्फ मान्सूनमधून येत नाही. भूमध्य सागराच्या दिशेकडून निघणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर आदळतात आणि त्यातील बाष्प बर्फरूपाने खाली येते. हे झंझावात किती वेळा आले, किती जोमाने आले आणि कोणत्या महिन्यात आले, यावर सारे अवलंबून असते. २०२५ च्या हिवाळ्यात, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, जम्मू-काश्मीरमध्ये सरासरीच्या तुलनेत जवळपास ८० टक्के तूट नोंदली गेली. अनंतनाग जिल्ह्यातील अछबलचा प्रसिद्ध झरा त्या महिन्यात आटला आणि तोपर्यंत मुख्यमंत्री झालेल्या ओमर अब्दुल्ला यांना पाणीटंचाईचा जाहीर इशारा द्यावा लागला.

यावर एक युक्तिवाद हमखास केला जातो. बर्फ उशिरा का होईना पडला ना, मग बिघडले कोठे? दोन्ही वर्षी स्पर्धा झाल्याच, हे खरे आहे. परंतु डिसेंबरचा बर्फ आणि मार्चचा बर्फ यांत मोठा फरक असतो. थंडीच्या तोंडावर पडलेला बर्फ थरावर थर चढून पक्का होतो आणि पुढच्या थराला आधार देतो. मार्चमध्ये सूर्य वर आलेला असतो. तेव्हा पडलेला बर्फ दुपारपर्यंत ओलसर होतो आणि काही दिवसांत वाहून जातो. शिवाय परदेशी स्कीपटू आपली तिकिटे दोन-तीन महिने आधी काढतात. जानेवारीत त्यांनी कोरड्या उतारांची छायाचित्रे पाहिली की ते जपान किंवा आल्प्सकडे वळतात. मार्चमधील बर्फ त्यांना परत आणू शकत नाही.

तापमानवाढीचा परिणाम येथे दुहेरी होतो. उंचीनुसार तापमान कमी होण्याचा सर्वसाधारण दर दर हजार मीटरला साडेसहा अंशांच्या आसपास असतो. म्हणजे तापमान एका अंशाने वाढले तर पाऊस आणि बर्फ यांच्यातील सीमारेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकते. गुलमर्गचा तळ २,६५० मीटरवर आहे. तेथील कुरणांवरच नवशिके स्की शिकतात. अफरवटच्या माथ्याला इतक्यात धोका नसला तरी तळावर बर्फाऐवजी पाऊस पडू लागला, तर शिकणाऱ्यांचे वर्ग बंद पडतील आणि उरेल तो केवळ निष्णातांचा डोंगर.

मग कृत्रिम बर्फ हा उपाय होऊ शकेल का? बीजिंगमध्ये २०२२ ची स्पर्धा जवळजवळ पूर्णपणे कृत्रिम बर्फावर झाली, हे उदाहरण दिले जाते. परंतु बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांना मुबलक पाणी, अखंड वीज आणि शून्याखालचे तापमान या तिन्ही गोष्टी लागतात. ज्या वर्षी झरे आटतात त्याच वर्षी यंत्रांना पाणी हवे असते, हा त्यातला पेच आहे. उत्तराखंडातील औलीचे उदाहरण आपल्याच देशात आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तेथे कृत्रिम बर्फाची यंत्रणा बसविण्यात आली, तरीही २०२३ मध्ये बर्फाअभावी औलीची स्पर्धा रद्द करावी लागली. यंत्रे आणून हवामान विकत घेता येत नाही, हाच त्याचा अर्थ. शिकाऊ उतारांचा छोटासा पट्टा राखण्यापुरता हा उपाय चालू शकेल. संपूर्ण हंगाम त्यावर उभा करणे परवडणारे नाही.

बोगद्यापलीकडचे सोनमर्ग

या पार्श्वभूमीवर सोनमर्गकडे सर्वांचे डोळे लागणे स्वाभाविक आहे. पूर्वी हिवाळा आला की गगनगीरच्या पुढचा रस्ता हिमस्खलनामुळे बंद होई आणि सोनमर्गचे व्यावसायिक दुकानांना कुलपे लावून खाली उतरत. १३ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते साडेसहा किलोमीटर लांबीच्या झेड-मोड बोगद्याचे उद्‌घाटन झाले आणि सोनमर्ग प्रथमच बाराही महिने श्रीनगरशी जोडले गेले. सुमारे २,७०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाचे मूळ उद्दिष्ट लडाखकडे जाणारा लष्करी व नागरी मार्ग खुला ठेवणे हे आहे, आणि त्याचा दुसरा भाग असलेल्या झोजिला बोगद्याचे काम हाती घेण्यात आले आहे. पण सोनमर्ग आता स्कीइंगचे केंद्र म्हणून विकसित होईल, अशी अपेक्षा मुख्यमंत्र्यांनीही व्यक्त केली.

अपेक्षा चुकीची नाही. सोनमर्गची उंची गुलमर्गपेक्षा थोडी अधिकच आहे. गुलमर्गवरील ताण वाटला गेला तर ते सर्वांच्याच हिताचे आहे. तथापि, रस्ता झाला म्हणजे रिसॉर्ट झाले, असे समजणे घातक ठरेल. सोनमर्गचे खोरे अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंचे कडे हिमस्खलनप्रवण आहेत. १२ जानेवारी २०२३ रोजी सोनमर्गजवळ सरबल येथे बोगद्याच्या कामावरील दोन मजूर हिमस्खलनात दगावले होते. गुलमर्गचा इतिहासही सावध करणारा आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये युद्धशाळेचे १७ जवान तेथे हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी पोलंडचे दोन स्कीपटू आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीपटू अशाच दुर्घटनांत गेला. जून २०१७ मध्ये वादळी वाऱ्याने झाड कोसळून गंडोलाच्या केबलवर आदळले, तेव्हा सात जणांचा बळी गेला. प्रशिक्षित लष्कर, अनुभवी मार्गदर्शक आणि दशकांची यंत्रणा असलेल्या ठिकाणी हे घडत असेल, तर यांपैकी काहीच नसलेल्या ठिकाणी गर्दी लोटण्यापूर्वी शंभरदा विचार करावा लागेल.

दुसरा मुद्दा कचरा आणि सांडपाण्याचा. सोनमर्गच्या कडेने वाहणारी सिंध नदी पुढे झेलमला मिळते. तिच्याच काठी तळ-वस्ती वाढली आणि सांडपाण्याची सोय झाली नाही, तर डोंगरावरच्या पर्यटनाची किंमत खालच्या गावांना मोजावी लागेल. गुलमर्गमध्ये आधी बांधकामे झाली आणि नंतर न्यायालयाला निर्बंध घालावे लागले. हा क्रम सोनमर्गमध्ये उलटा करण्याची संधी अद्याप हातची गेलेली नाही.

सुरक्षेचे ओझे

काश्मीरच्या पर्यटनाचा विचार सुरक्षेला वगळून करता येत नाही. झेड-मोड बोगद्याच्या कामगारांच्या तळावर २० ऑक्टोबर २०२४ रोजी गगनगीर येथे झालेल्या हल्ल्यात एका डॉक्टरसह सात जण ठार झाले. त्यानंतर सहा महिन्यांनी, २२ एप्रिल २०२५ रोजी, पहलगामजवळ बैसरनच्या कुरणावर २६ जणांची हत्या झाली. त्यांपैकी सहा जण महाराष्ट्रातील होते. डोंबिवली, पुणे आणि पनवेलमधील घरांवर कोसळलेला तो आघात महाराष्ट्र विसरलेला नाही. पर्यटकांना वाचविण्याचा प्रयत्न करणारा स्थानिक घोडेवालाही त्यात मारला गेला, हेही विसरता येणार नाही.

या हल्ल्यानंतर प्रशासनाने खोऱ्यातील ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद केली आणि जून २०२५ पासून ती टप्प्याटप्प्याने उघडण्यास सुरुवात केली. २०२४ मध्ये अमरनाथ यात्रेकरूंसह सुमारे ३५ लाख पर्यटक खोऱ्यात आले होते. त्या तुलनेत हल्ल्यानंतरच्या महिन्यांत हॉटेले ओस पडली. यातील विरोधाभास असा की, पर्यावरणाच्या दृष्टीने पर्यटक अनेक ठिकाणी विखुरणे हिताचे असते, तर सुरक्षेच्या दृष्टीने ते मोजक्या ठिकाणी एकवटणे सोयीचे असते. लहान ठिकाणे बंद झाली की उरलेली गर्दी पुन्हा गुलमर्गकडेच वळते. दूधपथरी किंवा सोनमर्ग यांना स्कीइंगचा पर्याय म्हणून उभे करायचे, तर तेथील बंदोबस्ताचा खर्च आणि मनुष्यबळ हे गुंतवणुकीच्या आराखड्यातच धरावे लागेल. नाही तर पहिल्याच धोक्याच्या इशाऱ्याला कुलूप लागेल आणि कर्ज काढून स्की भाड्याने द्यायला बसलेला तरुण उघड्यावर पडेल.

करायचे काय?

जून २०२५ मध्ये कटरा-श्रीनगर रेल्वे सुरू झाली आणि खोऱ्यात पोहोचणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. त्यामुळे येणाऱ्यांची संख्या वाढविणे हे यापुढे अवघड काम राहणार नाही. अवघड आहे ते आलेल्यांना कोठे, किती आणि केव्हा न्यायचे हे ठरविणे. त्या दृष्टीने काही गोष्टी विलंब न लावता करण्यासारख्या आहेत. गुलमर्गच्या गंडोलावर हंगामात स्कीपटूंसाठी वेगळी वेळ वा वेगळी रांग राखता येईल. टंगमर्गलाच वाहनतळ करून वरचा १३ किलोमीटरचा प्रवास सामायिक वाहनांनी केला, तर कोंडी आणि धूर दोन्ही कमी होतील. मात्र ती वाहने स्थानिकांच्याच हाती राहतील, हे पाहावे लागेल. संरक्षण संशोधन संस्थेच्या चंदीगड येथील केंद्राकडून हिमस्खलनाचे इशारे दिले जातात. ते प्रत्येक हॉटेलच्या दर्शनी भागात आणि प्रत्येक मार्गदर्शकाच्या मोबाइलवर रोज सकाळी पोहोचले पाहिजेत. सोनमर्गमध्ये पहिला स्की लिफ्ट उभा राहण्याआधी तेथे बचाव पथक आणि सांडपाणी प्रकल्प उभा राहिला पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बर्फ न पडण्याचे वर्ष हे अपवाद म्हणून सोडून न देता नियोजनाचा भाग मानले पाहिजे. अवर्षणग्रस्त शेतकऱ्यासाठी पीक विम्याची कल्पना आपण स्वीकारली. हिमवृष्टीच्या नोंदींवर आधारित असाच विमा स्लेजवाल्याला आणि स्की शिक्षकाला का देता येऊ नये? हंगाम कोरडा गेल्यास त्यांच्या हाताला दुसरे काम मिळेल अशी व्यवस्था का असू नये? गंडोलाच्या शंभर कोटींतील काही वाटा या निधीत वळविला, तर ज्यांच्या अंगणातून ती केबल वर जाते त्यांना तिचा आधारही मिळेल.

बर्फ पाडणे कोणत्याही सरकारच्या हाती नाही. पण बर्फ पडला नाही तर कोणाचे किती नुकसान व्हावे, हे ठरविणे निश्चितच सरकारच्या हाती आहे. अछबलचा झरा आटला तेव्हा आणि गुलमर्गची स्पर्धा लांबली तेव्हा आकाशाने दिलेला इशारा एकच होता. तो केवळ खेळाचा प्रश्न समजून दुर्लक्षिला, तर उद्या काश्मीरच्या सफरचंदाच्या बागांपासून श्रीनगरच्या नळांपर्यंत त्याची झळ पोहोचल्यावाचून राहणार नाही.